भांडारकर, सिनेट आणि अध्यापकाचा अधिकार

कलिन्याच्या विद्यानगरीत मराठीचे एम.ए. करायला येणारा विद्यार्थी बहुधा उपनगरांतला असतो. अंधेरी-बोरिवलीकडचा असेल तर तो सांताक्रूझला उतरतो, घाटकोपर-मुलुंडचा असेल तर कुर्ल्याला. आणि पुढे बस किंवा रिक्षा धरून ज्या इमारतीत पोचतो तिचे नाव रानडे भवन. दोन वर्षे तो या नावाखालून ये-जा करतो. न्यायमूर्ती रानडे त्याला अभ्यासक्रमात भेटतात ते प्रबोधनपर्वातले सुधारक म्हणून, मराठी सत्तेच्या उदयाचा इतिहास लिहिणारे म्हणून. पण आपण ज्या विषयाची पदवी घेत आहोत तो विषय विद्यापीठात असण्याशी या गृहस्थांचा काही संबंध आहे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतेच असे नाही.

रानड्यांबरोबर त्याच तुकडीत पदवीधर झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर तर मराठीच्या वर्गात याहूनही कमी भेटतात. त्यांचे नाव घेतले की पुण्याची प्राच्यविद्या संस्था आठवते, संस्कृतच्या विद्यार्थ्याला 'मार्गोपदेशिका' आठवते, आणि तिथेच स्मरण थांबते. वस्तुतः भांडारकर हे आयुष्यभर पगारी अध्यापक होते. सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, हंगामी प्राध्यापक, दुय्यम प्राध्यापक, कायम प्राध्यापक, विद्यापीठाचे फेलो, सिंडिकेटचे सदस्य, कुलगुरू, आणि शेवटी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विद्यापीठांच्या विधेयकावर मत देणारे सभासद, असा हा प्रवास आहे. विद्यापीठ कोणी चालवावे, अध्यापकांनी की अध्यापकेतरांनी, या प्रश्नाचा आपल्याकडचा पहिला ठळक धडा या प्रवासात सापडतो. आणि त्याचे उत्तर भांडारकरांनी जे दिले ते मला पटत नाही, म्हणूनच हा लेख.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७चा, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ साली रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत आणि १८५३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, असा त्या काळच्या कोकणातल्या हुशार मुलाचा ठरलेला मार्ग त्यांनी धरला. एल्फिन्स्टनमध्ये दादाभाई नौरोजी गणित शिकवत होते. म्हणजे एतद्देशीय माणूस प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसू शकतो, हे भांडारकरांनी विद्यार्थिदशेतच डोळ्यांनी पाहिले होते. पुढे जे घडले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे, म्हणजे शिकवणारे नव्हे, परीक्षा घेणारे. शिकवायचे ते एल्फिन्स्टनने, पुण्याच्या कॉलेजाने, मेडिकल कॉलेजाने; विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या, अभ्यासक्रम ठरवायचे आणि पदव्या द्यायच्या. विद्यापीठाचा स्वतःचा अध्यापनविभाग निघायला १९१९ साल उजाडावे लागले, आणि तोही समाजशास्त्राचा, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. तोवर 'विद्यापीठ' याचा व्यवहारातला अर्थ सिनेट आणि सिंडिकेट एवढाच होता. आजच्या भाषेत अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद. इमारत नव्हती, वर्ग नव्हते, ग्रंथालय नव्हते. पण सिनेट होती. दीक्षान्त सभागृह १८७४ साली आणि राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, पण विद्यापीठ त्याआधी वीस वर्षे चालू होते ते सभेच्या रूपाने. विद्यापीठाच्या कारभारात भाग घेणे म्हणजे विद्यापीठातच असणे, अशी त्या काळची स्थिती होती.

१८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढच्या वर्षी भांडारकर एम.ए. झाले. मधल्या काळात ते दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या श्रावणमासातल्या दक्षिणेची रक्कम इंग्रजी अमदानीत शिक्षणाकडे वळवली गेली, आणि तिच्यातून हे फेलो नेमले जात. ज्या पैशावर वैदिक-शास्त्री पोसले जात त्या पैशावर मालवणच्या कारकुनाचा मुलगा नव्या पद्धतीने संस्कृत शिकू लागला, ही गोष्ट त्या शतकाला साजेशीच म्हणायची. संस्कृतकडे त्यांना वळवले ते शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी. तोवर त्यांचा ओढा गणिताकडे आणि इंग्रजीकडे होता. पुण्यातल्या शास्त्र्यांकडे बसून त्यांनी व्याकरण-न्यायाचा अभ्यास केला, आणि मग नोकरी धरली: १८६४ साली सिंधमधल्या हैदराबादेत हायस्कूलचे मुख्याध्यापक, १८६५पासून रत्नागिरीला, म्हणजे ज्या गावी शिकले तिथेच मुख्याध्यापक.

याच काळात त्यांनी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके लिहिली, 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका'. त्यांना मागणी येण्याचे कारण विद्यापीठाच्या कारभारात होते. विद्यापीठाच्या आरंभीच्या परीक्षांत मराठी, गुजराती या देशी भाषांना जागा होती. १८६०च्या दशकाच्या मध्याला ती काढली गेली आणि मॅट्रिकच्या पुढे संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषाच घ्याव्यात असे ठरले. सिनेटच्या एका निर्णयाने मराठी उच्च शिक्षणाबाहेर गेली आणि तिच्या जागी संस्कृत आले. संस्कृतच्या शिक्षकाला भवितव्य आले. भांडारकरांचे भवितव्य असे विद्यापीठाच्या एका ठरावावर उभे होते. त्यात त्यांचा दोष नाही, पण मराठीच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये.

मुंबई इलाख्यात संस्कृतच्या प्राध्यापकीवर तोवर जर्मनांचे राज्य होते. पुण्यात मार्टिन हाउग, त्यांच्यानंतर कीलहोर्न; मुंबईत ब्यूलर. तिघेही मोठे विद्वान, यात शंका नाही. १८६९च्या आरंभी ब्यूलर यांच्या जागी भांडारकरांना एल्फिन्स्टनमध्ये हंगामी प्राध्यापक म्हणून नेमले गेले. वय बत्तिशीच्या आत. काम त्यांनी कसे केले हे पाहायला त्या काळची नियतकालिके उघडी आहेत. 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक १८७२ साली निघाले आणि त्याच्या पहिल्याच खंडात भांडारकरांनी पतंजलीचा काळ ठरवणारा लेख लिहिला. महाभाष्यातली उदाहरणे नुसती व्याकरणाची उदाहरणे म्हणून न वाचता, त्यांत वर्तमानकाळ कुठे वापरला आहे, कोणत्या राजाचा यज्ञ चालू असल्याचे सूचित होते, ते त्यांनी हेरले आणि पुष्यमित्राशी, म्हणजे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाशी पतंजलीचा सांधा जोडला. वाङ्मयीन संहितेतून इतिहास काढण्याची ही रीत आज आपल्याला परिचयाची वाटते. तेव्हा ती नवी होती, आणि ती वापरणारा माणूस हंगामी होता.

जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा १८७३ साली विलायतेहून पीटर पीटरसन आले. एडिंबरा आणि ऑक्सफर्डचे पदवीधर, १८४७चा जन्म, म्हणजे भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान. चार वर्षे ज्या खुर्चीवर काम केले ती सोडून भांडारकर पुन्हा दुय्यम जागेवर गेले. या अन्यायाची तेव्हाही चर्चा झाली. पण ज्याला आपण अन्याय म्हणतो तो सरकारी दृष्टीने नियमच होता. आणि पुढे तो अक्षरशः नियम झाला. १८८६-८७च्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या शिफारशींनंतर शिक्षण खात्याचे दोन थर पाडले गेले. विलायतेत भरती होणारी इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस आणि इथल्यांसाठी प्रांतिक सर्व्हिस. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस १८८५ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले तेव्हा त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला, आणि त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही. भांडारकरांनी असे काही केले नाही. त्यांचा स्वभाव तो नव्हता. त्यांनी लिहिणे चालू ठेवले.

आणि काय लिहिले! १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठवला. १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. ही व्याख्याने मराठीच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावीत, कारण संस्कृतपासून प्राकृत, अपभ्रंश आणि तिथून मराठी-गुजराती-हिंदीपर्यंतची ध्वनिपरिवर्तने आणि प्रत्ययांची घडण त्यांत पद्धतशीर मांडली आहे. मराठी हा विषय ज्या विद्यापीठाच्या परीक्षांतून हद्दपार होता त्याच विद्यापीठाच्या व्यासपीठावरून मराठीच्या इतिहासाचे पहिले शास्त्रशुद्ध विवेचन व्हावे, आणि ते संस्कृतच्या दुय्यम प्राध्यापकाने करावे, अशी ही गंमत आहे. व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली ती मात्र १९१४ साली. १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला. १८८५ साली गोटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि १८८६ साली ते व्हिएन्नाच्या परिषदेला स्वतः गेले. तिथे प्राध्यापक होते ब्यूलर, म्हणजे ज्यांच्या जागी सतरा वर्षांपूर्वी भांडारकर हंगामी म्हणून बसले होते तेच.

पीटरसन यांच्याशी त्यांचे संबंध कसे होते याविषयी आख्यायिका रचण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. दोघांनी इलाख्यातल्या हस्तलिखितांच्या शोधाचे सरकारी काम वाटून घेतले, आपापले अहवाल लिहिले, आणि पतंजलीच्या काळावरून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात जाहीर वादही केला. खुर्चीचा प्रश्न सरकारने सोडवला होता. पतंजलीचा प्रश्न पुराव्याने सुटायचा होता, आणि तिथे दोघे बरोबरीचे होते. कीलहोर्न गोटिंगेनला गेल्यानंतर १८८२ साली भांडारकरांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतची प्राध्यापकी मिळाली. वय पंचेचाळीस. अकरा वर्षांनी, १८९३ साली, ते निवृत्त झाले.

आता सिनेटकडे वळू. कॉलेज आणि विद्यापीठ या दोन निराळ्या यंत्रणा असल्याने एक विलक्षण गोष्ट शक्य झाली होती. कॉलेजात भांडारकर दुय्यम होते. तिथली उतरंड खात्याची होती, भरतीच्या देशावर ठरणारी. विद्यापीठात मात्र फेलो हा फेलो होता. १९०४पर्यंत फेलोशिप तहहयात असे. गव्हर्नरच्या कौन्सिलचा सभासद, हायकोर्टाचा न्यायाधीश, मिशनरी प्राचार्य, पारशी सर जमशेटजी आणि कोकणातून आलेला संस्कृतचा अध्यापक एकाच सभागृहात बसत, आणि मताला मत सारखे असे. सिंडिकेटवर भांडारकर निवडून गेले तेव्हा अभ्यासक्रम, परीक्षक, पाठ्यपुस्तके यांवर त्यांचा शब्द चालू लागला. ज्या वरिष्ठांच्या हाताखाली ते खात्यात काम करत त्यांच्या शेजारी बसून ते विद्यापीठाचे निर्णय घेत. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या हिंदी अध्यापकाला विद्यापीठाच्या कारभाराचे जे आकर्षण होते त्याचे मूळ इथे आहे. मानाची हाव म्हणून ते सोडून देणे सोपे आहे, पण नोकरीत जी बरोबरी मिळत नव्हती ती या सभेत मिळत होती.

(आजच्या अध्यापकाला हे चमत्कारिक वाटेल. २०१०च्या नियमावलीने समित्यांवरचा सहभाग बढतीच्या गुणांकनात धरला, आणि अभ्यास मंडळावर गेलेल्याकडे सहकारी 'गुण वाढवायला गेला' या नजरेने पाहू लागले. भांडारकरांच्या सिंडिकेटवरच्या वर्षांनी त्यांना एक पैसाही बढती मिळवून दिली नाही. कारभारातला सहभाग बढतीपासून अलग होता म्हणूनच त्याला वजन होते की काय, असा विचार मनात येतो. असो.)

१ सप्टेंबर १८९३ रोजी काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले. वय अवघे त्रेचाळीस. ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. त्यांच्या मागे दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. हायकोर्टाच्या खुर्चीवर रानडे बसले, कुलगुरूच्या खुर्चीवर भांडारकर. पहिल्या चार बी.एं.पैकी दोघे एकाच वर्षी, एकाच मित्राच्या मृत्यूने मोकळ्या झालेल्या जागांवर आले. कुलगुरूपद तेव्हा दोन वर्षांचे आणि बिनपगारी होते. ते बहुधा न्यायाधीशाकडे, मोठ्या अधिकाऱ्याकडे किंवा मिशनरी विद्वानाकडे जाई. कॉलेजात शिकवण्यात हयात घालवलेला हिंदी माणूस त्या जागेवर प्रथमच बसला. १८७३ साली ज्याला प्राध्यापकी नाकारली त्याला वीस वर्षांनी सगळ्या प्राध्यापकांच्या वरची जागा दिली गेली, असे म्हणून या गोष्टीला गोड शेवट देता येईल. पण तसा तो नाही. कुलगुरूच्या हाती कॉलेजांच्या नेमणुका नव्हत्या. खात्याची उतरंड जशीच्या तशी राहिली, आणि भांडारकर कुलगुरू असतानाच तिच्या कायम दोन थरांची तयारी चालू होती. १८९६ साली ते थर झालेही.

रानडे हायकोर्टात गेले तरी सिनेटमधून उठले नाहीत. त्यांनीही कधीकाळी एल्फिन्स्टनमध्ये शिकवले होते, पण १८७१पासून ते न्यायखात्यात होते. म्हणजे सिनेटच्या परिभाषेत अध्यापकेतर. मराठी आणि इतर देशी भाषांना विद्यापीठात परत आणावे यासाठी त्यांनी सिनेटमध्ये पुनःपुन्हा प्रयत्न केला. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की या भाषांत पदवीच्या अभ्यासाला पुरेल एवढे वाङ्मयच नाही. त्याला उत्तर म्हणून रानड्यांनी जे केले ते वकिली कौशल्याचे आहे आणि वाङ्मयेतिहासाचेही: छापलेल्या मराठी पुस्तकांच्या याद्या काढून, विषयवार मोजदाद करून, प्राचीन काव्यापासून चालू कादंबरी-नाटकांपर्यंतचा हिशोब त्यांनी मांडला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरचे त्यांचे १८९८चे टिपण हे या लढ्यातले हत्यार आहे. आपण ते वाङ्मयेतिहासाचे आद्य साधन म्हणून वाचतो, आणि ते लिहिले का गेले हे विसरतो. एका विद्यापीठीय सभेतल्या मतदानासाठी लिहिलेला तो दस्तऐवज आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत देशी भाषांना एम.ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. रानडे भवनाचा आणि त्यातल्या मराठी विभागाचा संबंध तो हा.

ज्या सिनेटमध्ये हे घडले तिच्याविषयी त्याच वर्षी सिमल्यात निराळा विचार चालू होता. सप्टेंबर १९०१मध्ये लॉर्ड कर्झनने शिक्षणाधिकाऱ्यांची परिषद बोलावली. एकाही हिंदी माणसाला तिचे निमंत्रण नव्हते. १९०२ साली विद्यापीठ आयोग नेमला गेला आणि त्यातून विद्यापीठांचे विधेयक आले. कर्झनचे म्हणणे थोडक्यात असे: सिनेट फुगल्या आहेत, तहहयात फेलो शेकड्यांनी आहेत, त्यांतले बरेच मानासाठी नेमलेले, शिक्षणाशी संबंध नसलेले, वकील भाषणे करतात आणि शिकवणारे मागे पडतात. उपाय असा: कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे फेलोंची संख्या पन्नास ते शंभर, मुदत पाच वर्षांची, दहा पदवीधरांनी निवडायचे, दहा विद्याशाखांनी, उरलेले कुलपतीने, म्हणजे सरकारने नेमायचे, आणि सिनेट-सिंडिकेटवर शिक्षण हा व्यवसाय असणाऱ्यांना निश्चित जागा.

भांडारकर १९०३पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नेमलेले सभासद होते. वय सहासष्ट. समोर होते गोपाळ कृष्ण गोखले, सदतीस वर्षांचे, नुकतेच फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झालेले. म्हणजे विद्यापीठ कोणी चालवावे या वादात समोरासमोर आलेले दोघेही मराठी प्राध्यापक, दोघेही क्रमिक पुस्तकांचे कर्ते (गोखल्यांचे अंकगणित शाळाशाळांत चालत होते), दोघेही रानड्यांचे, एक स्नेही आणि दुसरा शिष्य. भांडारकरांनी विधेयकाची बाजू घेतली. गोखल्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. २१ मार्च १९०४ रोजी विधेयक मंजूर झाले.

भांडारकरांची बाजू समजून घेण्याजोगी आहे. तीस वर्षे त्यांनी सिनेटमध्ये पाहिले होते की फिरोजशहा मेहतांसारखा वक्ता उठला की सभा हलते, आणि ज्याने संहिता तपासल्या आहेत, उत्तरपत्रिका वाचल्या आहेत, त्याचे दोन रुक्ष वाक्यांतले म्हणणे वाहून जाते. पुराव्यावर चालणाऱ्या माणसाला वक्तृत्वावर चालणाऱ्या सभेचा वीट यावा हे स्वाभाविक आहे. १८८८ साली चिकित्सक, तुलनात्मक आणि ऐतिहासिक पद्धतीवर त्यांनी मुंबईत व्याख्यान दिले होते. त्या पद्धतीवर श्रद्धा असणाऱ्याला विद्यापीठ जाणत्यांच्या हाती असावे असेच वाटणार.

पण गोखल्यांनी विचारलेला प्रश्न असा की हे जाणते म्हणजे कोण? कॉलेजांतल्या वरच्या जागा ज्यांच्याकडे होत्या तेच. त्या जागा कोणाकडे होत्या? विलायतेत भरती झालेल्यांकडे. तेव्हा अध्यापकांचे राज्य म्हणजे व्यवहारात गोऱ्या प्राध्यापकांचे आणि त्यांना नेमणाऱ्या सरकारचे राज्य. तज्ज्ञांची सत्ता आपोआप उदार असते ही समजूतही त्यांनी खोडून काढली. आणि इथेच भांडारकरांची चूक आहे असे मला वाटते. 'अध्यापक' हा शब्द त्यांनी त्याच्या शुद्ध अर्थाने घेतला, जणू ते व्याकरणातले पद आहे. तो शब्द खात्यात कसा वापरला जातो, त्याचा वर्तमानकाळ काय, हे त्यांनी पाहिले नाही. ज्याने महाभाष्यातल्या एका वर्तमानकाळी क्रियापदावरून पतंजलीचे शतक ठरवले त्याच्याकडून हे व्हावे! १८७३ साली ज्या व्यवस्थेने त्यांना खुर्चीवरून उठवले तिच्याच हाती त्यांनी १९०४ साली सिनेट देऊ केली. जिथे ते बरोबरीने बसले होते ती एकच जागा खात्याच्या उतरंडीसारखी होणार होती.

आणि दुसरी गोष्ट. मराठी विद्यापीठात परत आली ती सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीने नाही. ती आली एका न्यायाधीशाच्या हट्टाने, त्या फुगलेल्या, बोलघेवड्या सिनेटमध्ये. विषयाच्या भिंतींबाहेरचा माणूस सभेत असल्याशिवाय नवा विषय विद्यापीठात येत नाही, असे अनेकदा दिसते. भिंतींच्या आतल्याला आपला विषय पुरेसा असतो.

गोखल्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे नाही. वकील आणि पुढाऱ्यांच्या सिनेटने अध्यापनाकडे लक्ष दिले नव्हते, आणि पदवीधरांच्या मतांवर निवडून येणारा माणूस विद्येचा कैवारी असतोच असेही नाही. पुढच्या शंभर वर्षांनी ते दाखवून दिले. पण १९०४चा कायदा किती घाईने केला गेला हे पुढच्याच वर्षी उघड झाले. नव्या कायद्याखाली केलेल्या व्यवस्थेच्या वैधतेवर शंका निघाल्या आणि सरकारला १९०५ साली त्या झाकण्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. गोखले त्याही वेळी उभे राहिले.

त्यानंतर १९२८, १९५३, १९७४, १९९४ आणि २०१६ असे कायदे झाले. सिंडिकेटची कार्यकारी परिषद झाली आणि तिची व्यवस्थापन परिषद. मधल्या काळात विद्यापीठाचे केंद्र कोटातून उत्तरेकडे सरकले. १९३० साली जोगेश्वरीला इस्माईल युसुफ कॉलेज निघाले, १९४६ साली अंधेरीला भवन्स, १९५९ साली पार्ल्याचे पार्ले कॉलेज, १९८४ साली मुलुंडचे केळकर. भाषाविभाग कलिन्याला आले. भांडारकरांचे एल्फिन्स्टन २०१९पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले, आणि मुंबई विद्यापीठाशी त्याचे नाते संपले. अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात आज जे मतदान होते त्यात उपनगरांतल्या या कॉलेजांचा वाटा मोठा असतो, आणि तिथला अध्यापक उमेदवार प्रचाराला दादर सोडून बोरिवली आणि मुलुंडपर्यंत हिंडतो. २०१६च्या कायद्यात अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडायचे दहा सभासद आहेत. १९०४च्या कायद्यातही दहाच होते. मुंबईत या दहा जागांची निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४मध्ये पार पडली.

भांडारकर १९०४नंतर एकवीस वर्षे जगले. १९११ साली 'सर' झाले, १९१३ साली वैष्णव-शैव पंथांवरचा ग्रंथ लिहिला. ६ जुलै १९१७ला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितसंग्रह तिच्या ताब्यात आला. ब्यूलर आणि कीलहोर्न यांनी मिळवलेल्या पोथ्या त्यात आहेत, पीटरसन यांनी गुजरात-राजस्थानातून आणलेल्या आहेत आणि भांडारकरांनी आणलेल्याही. कोणती पोथी कोणी आणली याची नोंद यादीत आहे.